जागा वाचली, पण कुणाच्या जिवावर? – छोट्या कॅबिनेटमधल्या कपलरची गोष्ट



मागच्या मे महिन्यात आमचा एक विद्यार्थी वर्गात कागदाची पुडी घेऊन आला. पुडी उघडली आणि जळक्या प्लास्टिकचा वास सगळ्या वर्गात पसरला. आत एक छोटा कपलर होता. एका बाजूने पांढरा, दुसऱ्या बाजूने तपकिरी, आणि मधल्या दोन पिना प्लास्टिकमध्ये वितळून बसलेल्या. "सर, माझंच काहीतरी चुकलं," पोरगा खाली मान घालून म्हणाला.

हा मुलगा चिखलीत पत्र्याच्या एका खोलीत आई-वडील आणि बहिणीसोबत राहतो. वडील चाकणला वायरिंग हार्नेसच्या लाइनवर कामाला आहेत. मुलाला सॉलिडवर्क्स शिकून डिझाइनमध्ये जायचंय. घरात मोठा कॉम्प्युटर ठेवायला जागा नाही आणि नवा घ्यायला पैसेही नाहीत. म्हणून त्याने ऑफिसमधून निघालेला, जुना पण चांगला, पुस्तकासारखा उभा राहणारा स्लिम डेस्कटॉप घेतला. त्यात सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड बसवलं. कार्डाला वेगळी पॉवर केबल लागत होती आणि त्या डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायला तशी केबलच नव्हती. मग दुकानातून शे-दीडशे रुपयांचा एक अडॅप्टर आला. त्याचं एक टोक हार्ड डिस्कच्या पॉवर केबलला आणि दुसरं टोक कार्डाला. झाकण जेमतेम बसलं. तीन आठवडे सगळं झकास चाललं. चौथ्या आठवड्यात रात्री रेंडर लावून पोरगं झोपलं आणि वासाने आई जागी झाली. नशीब की ती जागी झाली.

दुकानदाराचं उत्तर एका वाक्याचं होतं, "नीट बसवलं नसेल." मुलानेही ते खरं मानलं. मला मात्र ते पटत नाही. का पटत नाही, तेच आज सांगणार आहे.

आधी थोडं गणित

एक साधा प्रश्न. घरातली ७५० वॅटची इस्त्री जास्त करंट घेते की ५७५ वॅटचं मोठं ग्राफिक्स कार्ड? वर्गात विचारलं की सगळे "इस्त्री" म्हणतात. आता करून बघा. वॅटला व्होल्टने भागलं की ॲम्पियर मिळतात. इस्त्री चालते २३० व्होल्टवर, म्हणजे करंट साधारण सव्वातीन ॲम्पियर. कार्ड चालतं १२ व्होल्टवर, म्हणजे करंट जवळजवळ ४८ ॲम्पियर! व्होल्टेज कमी झालं की तेवढ्याच कामासाठी करंट वाढतो. "बारा व्होल्ट म्हणजे काय, हात लावला तरी झटका बसत नाही," असं आपण म्हणतो. खरंय, झटका बसत नाही. पण आग लागू शकते. झटक्याची भीती वेगळी आणि उष्णतेची वेगळी.

दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागात ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा आहे. त्यात ज्यूलचा नियम आहे : उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. आपण हे पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि विसरतो. पण कपलर हीच ती जागा, जिथे हा नियम रोज लागू होतो. तांब्याची वायर अखंड असते. कपलरमध्ये मात्र एक धातू दुसऱ्या धातूला नुसता टेकलेला असतो. तिथला रोध अगदी कमी, हजारांश ओहममध्ये मोजावा लागेल इतका. समजा एका पिनेचा रोध ५ मिलिओहम आहे. ८ ॲम्पियर वाहिले तर तिथे जेमतेम एक तृतीयांश वॅट उष्णता होते. २० ॲम्पियर वाहिले तर २ वॅट. दोन वॅट म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत, चारी बाजूंनी प्लास्टिकने वेढलेली दोन वॅट उष्णता तासन् तास राहिली, तर ती जाणार कुठे?

त्या अडॅप्टरचं काय चुकलं?

हार्ड डिस्कच्या पॉवर केबलला साटा केबल म्हणतात. तिच्या कपलरमध्ये १२ व्होल्टसाठी तीन बारीक पिना असतात आणि प्रत्येक पिनेची क्षमता दीड ॲम्पियर. म्हणजे एकूण साडेचार ॲम्पियर, ५४ वॅट. हार्ड डिस्कला एवढं पुष्कळ झालं. ग्राफिक्स कार्डाचा सहा पिनांचा कपलर मात्र ७५ वॅटपर्यंत मागू शकतो, म्हणजे सव्वासहा ॲम्पियर. आता अडॅप्टरने काय केलं? ५४ वॅटच्या दाराला ७५ वॅटची वाट जोडली. दोन्ही टोकं बरोबर बसतात, कुठेही अडत नाहीत, म्हणून आपल्याला वाटतं की जोडणी बरोबर आहे.

हाच प्रकार आपल्या घरात आणखी एका ठिकाणी होतो. भिंतीवर दोन मापांची सॉकेट असतात, ६ ॲम्पियरचं छोटं आणि १६ ॲम्पियरचं मोठं. गिझरचा जाड पिनांचा प्लग छोट्या सॉकेटात जात नाही. तो जाऊ नये, म्हणूनच तसा बनवलाय. तो जाड आकार आपल्याला सांगत असतो की ‘इथे माझं काम नाही’. आणि आपण काय करतो? बाजारातून कन्व्हर्टर आणतो, मोठा प्लग छोट्या सॉकेटात बसवतो आणि वर म्हणतो, "जुगाड झालं!" मग कधीतरी सॉकेट पिवळं पडतं.

म्हणजे कपलरचा आकार ही नुसती अडवलेली जागा नाही, ती एक सूचना असते. अडॅप्टर ती सूचना पुसून टाकतो. त्या मुलाने कपलर नीटच बसवला होता. चूक बसवण्याची नव्हती, चूक त्या वस्तूतच होती.

छोट्या कॅबिनेटने या चुकीला हातभार लावला. हवा खेळायला जागा नाही, केबल झाकणाखाली दाबलेली, पंखा एवढासा, आणि वर मे महिन्याचा तापलेला पत्रा. मोठ्या कॅबिनेटमध्ये हाच अडॅप्टर कदाचित आणखी चार महिने टिकला असता. धोका तिथेही होताच, फक्त उशिरा दिसला असता.

जगातल्या मोठ्या कंपन्यांचंही तेच झालं

तुम्ही म्हणाल, हे स्वस्तातल्या जुगाडाचं झालं. महागड्या मालात असं होत नसेल. तर ऐका.

ऑक्टोबर २०२२ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ४०९० हे ४५० वॅटचं कार्ड बाजारात आणलं. त्याला नवा सोळा पिनांचा पॉवर कपलर होता. जुना आठ पिनांचा कपलर १५० वॅट द्यायचा, म्हणजे ६०० वॅटसाठी असे चार कपलर लागले असते. नव्या कपलरने ते काम एकट्याने करायचं ठरवलं. पिनांमधलं अंतर ४.२ मिलिमीटरवरून ३ मिलिमीटरवर आलं. छान, सुटसुटीत, जागा वाचवणारं.

पण हिशोब बघा. जुन्या आठ पिनांच्या कपलरमध्ये करंट आणणाऱ्या पिना तीन, आणि १५० वॅटला प्रत्येकीवर सव्वाचार ॲम्पियरहून थोडं कमी. पिनेची ताकद साधारण याच्या दुप्पट. नव्या कपलरमध्ये करंट आणणाऱ्या पिना सहा, आणि ६०० वॅटला प्रत्येकीवर ८.३ ॲम्पियर. पिनेची ताकद नऊ-साडेनऊ. म्हणजे आधी हाताशी जवळजवळ दुप्पट सवड होती, आता दहा-पंधरा टक्के उरली. कपलर लहान झाला तो या सवडीच्या जिवावर.

त्याच महिन्यात वितळलेल्या कपलरचे फोटो यायला लागले. नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीने सांगितलं की जगभरातून साधारण ५० प्रकरणं समोर आलीत आणि मुख्य कारण म्हणजे कपलर पूर्ण आत गेलेला नव्हता. विकल्या गेलेल्या कार्डांच्या मानाने हा आकडा छोटा होता, हेही मान्य करायला हवं.

आता यात छोट्या कॅबिनेटचा संबंध कुठे येतो? ही केबल कपलरपासून निदान ३५ मिलिमीटर सरळ जाऊ द्यावी आणि मगच वळवावी, असं केबल बनवणारे सांगत होते. मोठमोठी कार्डं आणि अरुंद कॅबिनेट अशी जोडी जमली की दाराची काच केबलला दाबणारच. केबल दाबली गेली की कपलर एका बाजूने उचलला जातो. मग यावर उपाय म्हणून काटकोनात वळलेले अडॅप्टर आले, केबलमॉड कंपनीचे. केबलला वळायला जागा नाही तर अडॅप्टरच वळवू! कल्पना चांगली होती, पण त्यामुळे वाटेत आणखी एक जोड वाढला. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगामार्फत असे सुमारे २५,३०० अडॅप्टर परत मागवावे लागले. अडॅप्टर सैल होऊन तापल्याच्या आणि वितळल्याच्या २७२ तक्रारी आल्या होत्या. आमच्या चिखलीच्या पोराचा अडॅप्टर आणि हा परदेशी अडॅप्टर, किमतीत कितीतरी फरक, पण गोष्ट एकच : जागा नव्हती म्हणून मध्ये एक जोड वाढवला.

सहा जण आणि एक पेटी

पिना सैल झाल्यावर नेमकं काय होतं, हे समजायला भोसरीच्या एमआयडीसीतलं चित्र डोळ्यांसमोर आणा. सहा जण मिळून मशीनची जड पेटी उचलतायत. त्यातल्या तिघांनी हात ढिला सोडला, तर पेटी लगेच पडत नाही. उरलेले तिघे ती उचलून धरतात, पण त्यांच्या कमरेचं काय होतं? करंटचंही तसंच. ज्या पिनेचा काँटॅक्ट सैल, तिथे रोध जास्त, म्हणून ती कमी करंट घेते. उरलेला करंट नीट बसलेल्या पिनांवर येतो. म्हणजे इमानदारीने काम करणारी पिनच आधी जळते.

यावर उपाय म्हणजे प्रत्येकावर लक्ष ठेवणारा मुकादम. २०२२ च्या सुरुवातीला आलेल्या आरटीएक्स ३०९० टीआय कार्डात या सहा पिना तीन गटांत विभागलेल्या होत्या, त्यामुळे एका गटावर फार भार पडत नव्हता. पुढच्या पिढीत सहाही पिना कार्डावर एकत्र जोडल्या गेल्या. एकूण वजन किती हे कळतं, पण कोण किती उचलतोय ते कळत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये जर्मनीतले हार्डवेअर-तज्ज्ञ रोमन हार्टुंग ऊर्फ डेअर बाउअर यांनी ५७५ वॅटच्या आरटीएक्स ५०९० कार्डावर मोजमाप केलं, तेव्हा एका वायरमधून २० ॲम्पियरहून जास्त करंट जाताना दिसला. कपलर नीट बसवलेला असतानाही! म्हणजे "तुम्ही नीट बसवलं नाही" हे उत्तर तिथेही अपुरंच ठरलं.

चूक कुणाची? चाकणला विचारा

पालकसभेला त्या मुलाचे वडील आले. जळका कपलर त्यांनी हातात घेतला, उलटा-पालटा करून बघितला आणि म्हणाले, "सर, आमच्या लाइनवर कपलर लावताना आधी दाबायचं, टक् आवाज ऐकायचा, मग मागं ओढून बघायचं. तरी जर कपलर सैल निघाला ना, तर साहेब पोराला नाही ओरडत आधी. आधी विचारतात, हा सैल बसलाच कसा? बसू दिलाच कसा?"

मला वाटतं, या एका वाक्यात सगळा धडा आला. आपला हा पट्टा, पिंपरीपासून भोसरी, मोशी, चाकणपर्यंत, गाड्या बनवतो. गाडीच्या हार्नेसमध्ये शेकडो वायरी असतात आणि गाडी खड्ड्यांतून, पावसातून, उन्हातून वर्षानुवर्षं जाते. तिथे ‘नीट बसवा’ एवढं सांगून भागत नाही. म्हणून गाडीतल्या बऱ्याच कपलरना दुसरं लॉक असतं. कपलर पूर्ण आत गेला नाही तर ते लॉक सरकतच नाही. नवा कामगार असो वा जुना, दिवसपाळी असो वा रात्रपाळी, अर्धवट बसलेला कपलर हाताला कळतो.

याला जपानी कारखान्यांतला शब्द आहे ‘पोका-योके’. आपल्याकडच्या शॉपफ्लोअरवर तो सगळ्यांना माहीत आहे, पण त्याची गोष्ट कमी जणांना माहीत असेल. टोयोटाच्या पद्धतीवर काम करणारे शिगेओ शिंगो आधी ‘बाका-योके’ हा शब्द वापरत. बाका म्हणजे मूर्ख. मूर्खाकडूनही चूक होणार नाही अशी व्यवस्था. पण हा शब्द कामगाराला लागला. तो काही मूर्ख नव्हता! तेव्हा शिंगोंनी शब्द बदलला. पोका म्हणजे अनवधानाने होणारी चूक, जी कुणाच्याही हातून होते. बदल एका अक्षराचा, पण त्याने दोष माणसावरून उचलून रचनेवर ठेवला.

सोळा पिनांच्या कपलरचंही शेवटी हेच झालं. २०२३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. मुख्य पिना पाव मिलिमीटर लांब केल्या आणि ‘मी जोडला गेलो’ असं कळवणाऱ्या छोट्या पिना दीड मिलिमीटर आखूड केल्या. आता कपलर पूर्ण आत गेल्याशिवाय त्या छोट्या पिना टेकत नाहीत आणि त्या टेकल्याशिवाय कार्ड पूर्ण पॉवर घेत नाही. दीड मिलिमीटरची पोका-योके! माझं म्हणणं एवढंच की हे पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं. आपल्या भिंतीवरच्या तीन पिनांच्या प्लगमध्ये अर्थिंगची पिन बाकीच्या दोघींपेक्षा लांब आणि जाड असते, म्हणजे ती सगळ्यात आधी टेकते आणि सगळ्यात शेवटी सुटते. ही अक्कल काही नवी नाही.

मग छोटं कॅबिनेट घ्यायचंच नाही का?

असं मी म्हणणार नाही. दहा बाय दहाच्या खोलीत चार माणसं राहतात तिथे "मोठं कॅबिनेट घ्या" असं सांगणं म्हणजे पोटभर जेवलेल्याने उपाशी माणसाला उपवासाचं महत्त्व सांगण्यासारखं आहे. छोट्याची गरज खरी आहे. आणि छोटं म्हणजे धोकादायकच, असंही नाही. १७० मिलिमीटर चौरस मिनी-आयटीएक्स बोर्ड २००१ पासून आहे आणि त्यावर चांगले, सुरक्षित कॉम्प्युटर बनतात. पण आकार लहान केला की वॅटही लहान करायला हवेत. आकार लहान आणि वॅट मोठे, दोन्ही एकदम हवं असेल, तर ती किंमत सुरक्षिततेच्या सवडीतून जाते. पाणी कुठेतरी मुरतंच.

म्हणून माझा सल्ला असा :

१. स्लिम डेस्कटॉपमध्ये कार्ड घ्यायचं तर वेगळी केबल न लागणारं घ्या. बोर्डावरचा स्लॉट ७५ वॅटपर्यंत देऊ शकतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं कार्ड ७० वॅटचं आहे, शिकण्यापुरतं काम त्यावर होतं. काही स्लिम डेस्कटॉपचा स्लॉट ७५ हून कमी देतो, म्हणून मॅन्युअल आधी वाचा.

२. साटा केबलवरून ग्राफिक्स कार्डाला पॉवर देणारा अडॅप्टर वापरू नका. पॉवर सप्लायला कार्डाची केबलच नसेल, तर ‘हे कार्ड माझ्यासाठी नाही’ असंच तो सांगत असतो.

३. दाबा, टक् ऐका, ओढून बघा. आणि झाकण लावल्यावर केबल दाबली जातेय का, तेही बघा.

४. पहिल्या आठवड्यात आणि मग दर दोन-तीन महिन्यांनी कॉम्प्युटर बंद करून, भिंतीवरचा प्लग काढून कपलरचा रंग बघा. पिवळा किंवा तपकिरी दिसला, वास आला, की वापर थांबवा. वितळलेला कपलर घासूनपुसून परत लावू नका. आणि पॉवर सप्लायचा डबा कधीच उघडू नका.

५. रात्री रेंडर लावून झोपू नका.

समारोप

शिक्षक म्हणून माझी एक मागणी आहे, आपल्या सगळ्यांकडून. शाळा-कॉलेजची लॅब घेताना टेबलावर किती सुटसुटीत दिसतं एवढंच बघू नका. आत हवा कुठून जाते, केबल कुठे वळते, कपलरवर किती वॅट पडतात, हेही विचारा. दुकानदारांनी अडॅप्टरवर त्याची मर्यादा वॅटमध्ये लिहावी. आणि आपण शिक्षकांनी ज्यूलचा नियम फळ्यावर शिकवताना एखादा जळका कपलर मुलांच्या हातात द्यावा. माझ्याकडे तो आता आहे. त्या मुलाने दिला.

त्याने पुन्हा कॉम्प्युटर उभा केला, केबल न लागणारं कार्ड घेऊन. रेंडरला वेळ जास्त लागतो. पण कपलर तपासायला आता त्याच्यासोबत त्याचे वडील बसतात. "माझंच चुकलं" असं तो आता म्हणत नाही. "अडॅप्टर ५४ वॅटचा होता सर," असं म्हणतो.

स्वाध्याय

१. १२ व्होल्टऐवजी ४८ व्होल्टवर ६०० वॅट द्यायचे असतील तर करंट किती लागेल? पिनेवरची उष्णता किती पट कमी होईल?

२. तुमच्या घरात ‘चुकीचं बसूच शकत नाही’ अशा तीन वस्तू शोधा. त्या आकारामुळे कोणती चूक टळते ते लिहा.

३. तुमच्या घरी कुणी हार्नेस, असेंब्ली किंवा क्वालिटीच्या कामावर असेल, तर त्यांना विचारा : "कपलर सैल बसला हे तुम्हाला कसं कळतं?" उत्तर वर्गात सांगा.